जोडीची बरणी

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसाबद्दल लिहिणं हे मोठ्या लोकांचं काम आहे असं मला वाटत आलं आहे. पारशिवनीजवळच्या आमच्या गावी, आमच्या घरात, माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बाबांना सहीपुरतं येतं, आईला तेवढंही नाही. परीक्षेत निबंध लिहिले, तेवढाच माझा लिहिण्याचा सराव. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्या कुंदाताई (आडनाव मुळे) माझ्या नात्यातल्या नव्हत्या, माझ्या शिक्षिकाही नव्हत्या. कॉलेज सांभाळून मी त्यांच्याबरोबर काम करायचो, एवढाच संबंध. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं नागपुरात आहेत. पण ती लिहितील असं वाटत नाही, आणि मला गेल्या आठवड्यापासून चैन पडत नाही. म्हणून लिहितो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

कुंदाताई चहा उभ्याने प्यायच्या. कुणाच्याही घरी गेल्या, कुठल्याही ऑफिसात गेल्या, समोर खुर्ची ओढून दिली तरी त्या खुर्चीच्या पाठीवर पर्स लटकवायच्या आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. अर्धा चहा पिऊन कप कुठेतरी ठेवून द्यायच्या आणि तो कुठे ठेवला हे विसरायच्या. व्हॅनची किल्ली हातात सतत खुळखुळत असायची. "चला, हलवा पाय," हे त्यांचं वाक्य. ते समोरच्याला असायचं, पण आधी त्यांचेच पाय हलायचे. त्या निघाल्या की पंधरा पावलांवरून वळून विचारायच्या, "काहून रे, येऊन नाही राहिला का?"

पहिली भेट आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर झाली. गतिरोधकावर एक जुनी पांढरी व्हॅन अडून बसली होती. मागे मातीच्या गोण्या इतक्या भरलेल्या की मागची चाकं दबून गेली होती. बाजूला सुती साडी, पायात बूट, केस अर्धे पिकलेले, अशा एक बाई उभ्या. आम्ही चारपाच मुलं बघत होतो. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तू. इंजिनीअर आहेस का?"

"नाही मॅडम. बी.कॉम."

"मग चालेल. इंजिनीअर असता तर आधी विचार करत बसला असता. ढकल."

मी ढकललं. व्हॅन सुरू झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता उतरवताना पण कुणी पाहिजे ना बापा. चल." मला 'नाही' म्हणायची सवय नव्हती. अजूनही नीट लागलेली नाही. त्या दिवशी माझा हिशेबाचा तास बुडाला आणि संध्याकाळी हाताला कोपरापर्यंत माती लावून मी वसतिगृहावर परतलो. दुसऱ्या दिवशी वर्गातून बाहेर आलो तर व्हॅन फाटकाशी उभीच होती.

त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण मलाही आधी ते समजलं नव्हतं. मोठ्या ऑफिसांत आणि कारखान्यांत 'टीम बिल्डिंग' नावाचा एक कार्यक्रम असतो. माणसं वर्षानुवर्षं शेजारी बसतात आणि एकमेकांशी धड बोलत नाहीत, म्हणून कंपनी त्यांना एक दिवस एकत्र खेळायला लावते. कुणी दोरी ओढायला लावतं, कुणी फुगे फोडायला. कुंदाताई मातीची भांडी करायला लावायच्या. त्या जातीने, पेशाने कुंभार नव्हत्या. नागपूरच्या महाल भागातल्या, सरकारी कार्यालयात कारकून. वेळेआधी नोकरी सोडली आणि उन्हाळी छंदवर्गात शाळकरी मुलांबरोबर बसून मातीकाम शिकल्या. त्यांच्या हातून भांडी फुटायची, तडकायची, भट्टीत एकमेकांना चिकटायची. "मी काही उस्ताद नाही," त्या कंपनीच्या साहेबांना पहिल्याच भेटीत सांगायच्या, "उस्ताद पाहिजे असेल तर दुसरा बघा. मला दोन माणसांना एका कामाला लावता येते." प्रतापनगरात त्यांचं घर होतं, आणि घरातल्या गाडीच्या जागेत जुनी विजेची भट्टी. तिथे व्हॅनला जागा नव्हती, ती बाहेर लिंबाखाली.

बाकी कार्यशाळांत प्रत्येकाला एक दिवा किंवा वाटी करायला देतात. कुंदाताईंची रीत वेगळी. त्या जोड्या लावायच्या, आणि जोड्या लावण्याआधी कंपनीतल्या, कार्यक्रम ठरवणाऱ्या मॅडमना बाजूला घेऊन विचारायच्या, "यांच्यात कुणाचं कुणाशी पटत नाही?" मॅडम अडखळायच्या. मग हळूच नावं सांगायच्या. त्याच दोघांची जोडी व्हायची. एकाने मातीच्या वळ्या एकावर एक रचून बरणी करायची, दुसऱ्याने झाकण. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. मागे वळून बघायचं नाही, पट्टी नाही, दोरा नाही. बरणीचं तोंड केवढं झालं ते तोंडाने सांगायचं.

"माती ओली आहे तोवर बोलून घ्या," असं सांगत त्या जोड्यांमधून येरझाऱ्या घालायच्या. "मग बोलून काही उपयोग नाही."

आणि शेवटी, भाजून झाल्यावर, वाटपाचा त्यांचा नियम असा की बरणी करणाऱ्याला झाकण मिळायचं आणि झाकण करणाऱ्याला बरणी. साहेब लोक म्हणायचे, "हे उलटं झालं ना ताई. अर्ध्या वस्तूचं आम्ही काय करायचं?" ताई म्हणायच्या, "तेच तर. अर्ध्या वस्तूचं काही होत नाही. उरलेली अर्धी कुणाच्या टेबलावर आहे हे तर माहीत आहे ना?"

मला लोकांसमोर बोलायची फार भीती. विमानतळाकडे मिहान म्हणून नवी उद्योगनगरी आहे, तिथल्या एका कंपनीत गेलो होतो. सगळे इंग्रजी बोलणारे, गळ्यात ओळखपत्रं, थंडगार हॉल. ताईंनी ऐन वेळी माइक माझ्या हातात दिला. "सूचना तू सांग." मी म्हणालो, "ताई, मले इंग्रजी नाही येत." घाबरलो की मी गावचं बोलतो. त्या म्हणाल्या, "त्यांना बरणी येत नाही, तुला इंग्रजी येत नाही. बरोबरी झाली. बोल." आणि त्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला निघून गेल्या, मला हाक मारता येऊ नये म्हणून. मी हिंदीत, मराठीत, जसं सुचेल तसं बोललो. कुणी हसलं नाही. परत येताना त्या त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या कार्यशाळेला माइक स्वतःकडे घेतलाच नाही.

झाकणाचं हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदा गाडी चालवता चालवता सांगितलं. त्यांच्या कार्यालयात समोरच्या टेबलावर बोकडे नावाचे एक गृहस्थ होते. दोघांमध्ये एक कूलर. नागपूरचा उन्हाळा, आणि कूलरचं तोंड एकाच दिशेला. त्यावरून एकदा वाद झाला. मग दोघांनी बोलणं सोडलं. फाइल शिपायाच्या हातून जायची. शिपाई पाणी प्यायला गेला की काम थांबायचं. असे कित्येक उन्हाळे गेले.

"मग?" मी विचारलं.

"मग त्यांची गडचिरोलीला बदली झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला. जाताना कूलरचं तोंड माझ्याकडे फिरवलं आणि गेले." ताईंनी हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. "उठायला पाहिजे होतं रे मी. जिन्यापर्यंत तरी. मी फाइलीत डोकं घालून बसून राहिले. नंतर कळलं, तिकडेच गेले ते. तापाने."

पुढे चौकात सिग्नल लाल झाला. त्या थांबल्या, पण त्यांचा पाय क्लचवर सारखा वरखाली होत होता.

आता बुटीबोरीची गोष्ट. खरं तर याच गोष्टीसाठी मी लिहायला घेतलं.

बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कार्यशाळा ठरली. जागा कँटीनच्या शेडमध्ये. मॅडमनी दिलेल्या नावांत वानखेडे आणि शेषराव ही जोडी होती. वानखेडे पाळीवरचे सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. शेषराव मशीनवरचा कामगार, माझ्या बाबांपेक्षा थोडा लहान. सुताची नासाडी केली म्हणून वानखेडे साहेबांनी त्याची तक्रार केली होती आणि त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला घातलं होतं. शेषरावचं म्हणणं, मशीनच खराब होती. तेव्हापासून दोघांत अबोला.

दोघं पाठीला पाठ लावून बसले. वानखेडेंकडे बरणी, शेषरावकडे झाकण. बाकीच्या जोड्यांत हसणं खिदळणं सुरू झालं तरी इकडे शांतता. ताई दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा येऊन म्हणाल्या, "अहो, माती वाळून राहिली."

वानखेडे समोर बघत म्हणाले, "तोंड चार बोटं आहे म्हणावं."

शेषराव मातीचा गोळा हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "कोनाचे चार बोटं साहेब? तुमचे का माहे?"

आजूबाजूचे हसले. वानखेडेंचे कान लाल झाले. शेषराव मात्र हसत नव्हता. त्याला खरंच माप पाहिजे होतं. "तुमचे बारीक हायेत," तो म्हणाला, "माह्या बोटानं केलं तं झाकन मोठं होईन. हात द्या बरं इकडं."

मागे वळायचं नाही हा नियम. वानखेडेंनी शर्टाची बाही वर सारून मातीचा हात पाठीमागे नेला. शेषरावने तो मनगटाजवळ धरला, चार बोटं सरळ केली, आपल्या झाकणावर आडवी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. "हालू नका," तो म्हणाला. वानखेडे हलले नाहीत. ताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या काळात पहिल्यांदा त्यांच्या हातातली किल्ली वाजत नव्हती.

घोळ झाला तो निघताना. बरणी आणि झाकण एकत्र वाळवावं लागतं. एका जागी, एका वाऱ्यात वाळली तर दोन्ही सारखीच आखडतात. वेगळी वाळवली तर एखादं वाकडं होतं आणि मग बसत नाही. आम्ही बरण्या फळ्यांवर मांडून व्हॅनमध्ये ठेवल्या आणि झाकणांच्या फळ्या घेऊन फाटकावर आलो, तर पहारेकऱ्याने अडवलं.

"बाई, गेटपासवर बरण्या लिहिल्या हायेत. झाकनं लिहिली नाहीत."

"अहो, झाकण बरणीचंच असते ना."

"मंग लावून आना. लावलं का एकच नग होते."

"ओलं आहे हो ते. आता लावलं तर चिकटून जाईल."

"ते मले माहीत नाही. पासवर नाही तं बाहेर नाही."

मॅडम निघून गेल्या होत्या, पास करणारे साहेब सुट्टीवर. ताई फाटकाच्या आत-बाहेर करत राहिल्या, पण पहारेकरी आपल्या जागी ठाम. शेवटी झाकणं कारखान्याच्या गोदामात राहिली आणि बरण्या प्रतापनगरात आल्या. आठवड्याने झाकणं हाती आली तोवर गोदामातल्या उकाड्याने ती पार कोरडी झाली होती, कडा कुठे वर कुठे खाली. ताईंनी सगळं एकत्र भाजलं आणि भट्टी थंड होते न होते तोच एकेक झाकण लावून बघायला लागल्या. "बसलं का? हे बसलं का?" त्या मला विचारत, आणि मी उत्तर देईपर्यंत पॉलिश पेपर घेऊन घासायला लागत. फिरवून बघायचा, थांबून बघायचा त्यांना धीर नव्हता. बरीचशी झाकणं घासून बसली. वानखेडे-शेषरावचं मात्र डुगडुगतच राहिलं. "हे तिथे नेऊन घासू," त्या म्हणाल्या, "दोघांच्या समोर."

भांडी घेऊन गेलो तेव्हा पॅकिंगची शेड बंद होती. तिथल्या कंत्राटी कामगारांना, शेषरावसकट, दोन दिवसांपूर्वीच कामावर येऊ नका असं सांगितलं होतं. मॅडमनी चेहरा कसनुसा केला आणि म्हणाल्या, "ताई, जे आहेत त्यांना देऊन टाका." वानखेडे होते. ताईंनी त्यांच्या हातात शेषरावने केलेलं झाकण दिलं आणि म्हणाल्या, "जरा घासायचं राहिलं आहे. शेषराव कुठे भेटतील?"

वानखेडे झाकण उलटं करून बघत राहिले. "घासायला बरणी पाहिजे ना," ते म्हणाले, "आणि बरणी तर त्याची." मग कुणीतरी त्यांना आत बोलावलं. झाकण त्यांनी शर्टाच्या खिशात घालून पाहिलं, मावेना, तेव्हा हातात धरूनच ते गेले.

बरणी राहिली.

त्यानंतर कुंदाताईंना त्या बरणीने धरलं म्हणा, की त्यांनी बरणीला, मला सांगता येत नाही. ज्यांची भांडी राहिली होती त्या बाकीच्या कामगारांना आम्ही शोधून काढलं. कुणी बुटीबोरीतच दुसऱ्या कारखान्यात लागलं होतं, कुणी भाड्याच्या खोलीत सामान बांधत होतं. एका बाईने बरणी घेतली आणि म्हणाली, "नोकरी गेली अन् हे आलं. आता याच्यात काय ठिऊ, तेवढं सांगा." ताई तिच्या दारात उभ्या राहिल्या, तिला तिचं गाव विचारलं, मुलं विचारली, आणि पुढच्या महिन्यात तिला एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम लागलं ते ताईंच्या ओळखीने.

शेषराव मात्र सापडेना. फोन बंद. खोलीमालक म्हणाला, कन्हानला कुणाकडे तरी गेला. आम्ही कन्हानला गेलो. खाणीकडे काम करणाऱ्या त्याच्या साडूने सांगितलं, "इथं होता, पन चालला गेला. कुठं ते सांगून नाही गेला." पुन्हा एकदा गेलो, तेच उत्तर. मी म्हणालो, "ताई, तो येईल तेव्हा येईल. बरणी काही सडत नाही."

"माणसं सडतात रे," त्या म्हणाल्या. "ही बरणी वानखेडेंच्या हातची आहे. हे त्याला माहीत पाहिजे, की त्यांनी केलेली वस्तू त्याच्याकडे आहे. नाही तर त्याच्या डोक्यात तेवढंच राहील, की यांनी मला काढलं. त्याला वानखेडेंनी नाही काढलं. पण त्याला काय माहीत?"

परतताना कन्हानच्या पुलाआधी त्यांनी व्हॅन बाजूला घेतली. चक्कर आली म्हणाल्या, मग हात बधिर झाला म्हणाल्या. मला गाडी चालवता येत नव्हती. रस्त्यावर उभा राहून मी एका टेम्पोवाल्याला थांबवलं. त्याने त्यांना दवाखान्यापर्यंत आणलं. तिथे त्यांचा मुलगा हैदराबादहून आला. ताईंची बोलण्याची गती कमी झाली होती, एक पाय ओढत होता. ताईंना हैदराबादला न्यायचं आणि घर बंद करायचं ठरलं, भट्टी कुणीतरी नेली. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्या अंगणात व्हॅनला टेकून उभ्या होत्या. मुलगा सारखा म्हणत होता, "आई, आत चल, उभी राहू नको." त्यांनी जुन्या ओढणीत गुंडाळलेली बरणी माझ्याकडे दिली.

"ही ठेवायची नाही," त्या सावकाश, शब्द शोधत म्हणाल्या. "द्यायची आहे."

वसतिगृहात ती बरणी माझ्या फळीवर होती. खोलीतल्या मित्राने तिच्यात एकदा दात घासायचे ब्रश ठेवले, मी काढून टाकले. दुसऱ्यांदा त्याने कंगवा ठेवला. "रिकामी काहून ठेवून राहिला बे? लग्नात देणार का कोणाले?" असं म्हणायचा. मी कन्हानला जाऊन यायचो, बुटीबोरीला जायचो. वानखेडेंनाही त्या कारखान्याने पुढे काढून टाकल्याचं कळलं. त्याआधी एकदा भेटून मी त्यांना माझा नंबर दिला होता.

सुरुवातीला ताईंचा दर आठवड्याला फोन यायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "बसलं का?" मी म्हणायचो, "नाही ताई, अजून सापडला नाही." त्या म्हणायच्या, "बरं," आणि फोन मुलाकडे द्यायच्या. नंतर त्यांना फोनवर बोलणं जमेना. मग फोन थांबले. मी शेवटच्या वर्षाला आलो. कधीकधी अभ्यास करता करता उठून खोलीत येरझाऱ्या घालायचो. मित्र म्हणायचा, "काय झालं बे?" मला सांगता यायचं नाही. ही सवय मला त्यांच्याकडून लागली आहे, आणि ती काही चांगली सवय नाही.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी वानखेडे बोलतो. बरणीवाले ना तुम्ही?"

ते आता बुटीबोरीतल्याच एका गोदामात कामाला होते. माल उतरवायला माणसं पाहिजेत म्हणून सकाळी फाटकावर जी माणसं जमली होती, त्यांत शेषराव उभा होता. "मी त्याला आत घेतलं," वानखेडे म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे माणूस पाहिजेच होता."

मी दुसऱ्याच दिवशी बसने गेलो. गोदामाच्या बाजूला पत्र्याखाली चहाची जागा होती. शेषराव वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. मी ओढणी सोडून बरणी त्याच्यासमोर ठेवली आणि ताईंनी सांगितलं होतं तेच सांगितलं, की ही वानखेडे साहेबांच्या हातची आहे आणि नियमाने तुमची आहे. त्याने ती उचलून आत बघितलं. वानखेडेंनी डब्याच्या पिशवीतून झाकण काढलं. त्याच्यावर तेलाचा डाग होता. "घरी लोणच्यावर ठेवत होतो," ते म्हणाले, "बायको म्हणे, याले बरणी कुठी हाय? म्हटलं, आहे."

त्यांनी झाकण बरणीवर ठेवलं. ते डुगडुगलं. मला ताईंची आठवण झाली, मी खिशात पॉलिश पेपरच शोधायला लागलो, जसा काही तो तिथे असणार होता. वानखेडेंनी पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच.

"थांबा साहेब," शेषराव म्हणाला. "घाई नका करू." त्याने झाकण हातात घेतलं, ठेवलं आणि थोडं फिरवलं. अजून थोडं. कुठेतरी एका जागी आल्यावर झाकण बारीक आवाज करून खाली उतरलं. त्याने बरणी हलवून बघितली. झाकण हललं नाही.

"चार बोटं बरोबर होते," तो म्हणाला.

"माझे होते," वानखेडे म्हणाले.

नियमाप्रमाणे बरणी शेषरावने आणि झाकण वानखेडेंनी न्यायचं. पण शेषराव म्हणाला, "साहेब, आता झाकन घरी नका नेऊ. लोनच्याले दुसरं पाहा." चहावाल्याची साखर कागदाच्या पुडीत होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. शेषरावने ती बरणीत ओतली, झाकण लावलं आणि बरणी चहावाल्याच्या फळीवर ठेवली.

मी बाहेर रस्त्यावर आलो आणि तिथूनच ताईंच्या नंबरवर फोन लावला. त्या बोलू शकत नसल्या तरी ऐकतील, एवढंच डोक्यात होतं. बराच वेळ घंटी वाजली. मुलाने उचलला. मी नाव सांगितलं, आणि त्यांनी काही विचारायच्या आत सांगून टाकलं की बरणी दिली.

ते म्हणाले, "आई गेली, अमोल. महिना झाला. तुला कळवायचं राहून गेलं."

रस्त्यावरून ट्रक जात होते. मी एका कडेला झालो.

"शेवटी शेवटी फार अस्वस्थ असायची," ते म्हणाले. "पलंगावरून उतरायला बघायची. रोज विचारायची, बरणी गेली का. मग एक दिवस मीच सांगितलं, गेली म्हणून. खोटंच सांगितलं. तर विचारते, बसलं का. मला काय ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, बसलं. मग पडून राहिली शांत."

ट्रकच्या आवाजात मी फोन कानाशी घट्ट धरला. तेच पुढे म्हणाले, जरा चाचरत, "ते काय होतं? बसलं का?"

"बसलं दादा," मी म्हणालो. "थोडं फिरवावं लागलं."